तिसऱ्या मजल्यावरची गोल वळणं

सोमवार, १ सप्टेंबर २००८

योगिनी डॉक्टरांनी काम मला दिलं. कल्याणच्या कंपनीला नाही, मला. ही ओळ पहिली लिहायची होती म्हणून दुपारपासून वही शोधत होतो.

हायवेला लागून त्यांचं नवं हॉस्पिटल उभं राहतंय. तळमजला आणि वर तीन मजले. खाली एक्स-रे काढला की वर त्यांच्या टेबलावरच्या संगणकात दिसायला हवा, वॉर्डावॉर्डातून फोन लागायला हवा, कागद हातात घेऊन कुणी जिने चढता कामा नये, असं त्यांच्या मनात आहे. कल्याणवाल्यांनी दर मजल्यावर एक यंत्र आणि दर यंत्राला एक बॅटरी सांगितली होती. मी विचारलं, "मॅडम, आपल्या शहापुरात दिवसातून वीज असते किती?" त्या हसल्या. तेव्हा मी खिशातून स्प्लिटर काढून टेबलावर ठेवला. साबणाच्या वडीएवढी डबी. एका बाजूने केसासारखी काचेची तार आत जाते, दुसऱ्या बाजूने आठ बाहेर येतात. तारेतून उजेड येतो, डबी त्याचे आठ वाटे करते. बॅटरी नाही, पंखा नाही, बटण नाही. टोकाला संगणक असतो तिथे इन्व्हर्टर असतोच. मधल्या वाटेत विजेचं काम नाही.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडायला आत आहे काय, मॅडम?"

त्यांनी डबी हातात घेऊन कानाशी हलवून पाहिली. तिथेच काम माझं झालं.

मी दहावी नापास माणूस. रेडिओपासून सुरुवात केली, मग घरांचं वायरिंग, मग केबल टीव्ही. या काचेच्या तारेवरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. तालुक्यात हे दुसऱ्या कुणाला येत नाही. हे बढाई म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

तारांची टोकं वितळवून जोडायचं मशीन आपल्याकडे नाही, म्हणून कल्याणहून जोडवाला बोलावला. पोरगेलासा, गळ्यात चेन. काम चांगलं करतो, पण तोंड बंद ठेवत नाही. निघताना म्हणाला, "शेठ, कोपऱ्यात वळण भाकरीएवढं ठेवा. काच आहे ही."

किशोर म्हणाला, "कोणाच्या घरची भाकरी? आमच्या ताईची तं ताटाबाहेर जाते."

दोघे हसले. किशोर म्हणजे माझ्या बायकोचा, प्रेमाचा धाकटा भाऊ. लग्नानंतर दोन वर्षांनी मुरबाडकडच्या गावातून माझ्याकडे आला, तेव्हापासून माझ्या हाताखाली. हात बरा आहे. डोळा नाही.

वळणाचं मला जोडवाल्याने शिकवायला नको. शहापुरात कुणाच्याही घरात जा. भिंतीवरची तारांची पोकळ पट्टी कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आखल्यासारखी काटकोनात वळली असेल आणि आतली तार कुठे फुगली नसेल, तर विचारायची गरज नाही, काम अनंताचं. गोल वळण हे आळशी हाताचं लक्षण. पुस्तकातही वळणाबद्दल पानभर काहीतरी आहे. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी माझे कोपरे पाहिलेले नाहीत.

शनिवार, २० सप्टेंबर

तळमजला, पहिला, दुसरा मी स्वतः केला. तिसरा किशोरला दिला होता. आज वर जाऊन बघतो तर दर कोपऱ्यावर लाकडी डबा ठोकलेला आणि आत तारेची गोल वेटोळी.

"हे काय रे? शेवया वाळत घातल्यास?"

"दाजी, तो जोडवाला म्हनला ना."

"जोडवाल्याने जोड द्यावा. तार मी ओढतो."

"मोडंल अशी भीती वाटते मला."

मी खाली उरलेला तुकडा घेतला, बोटाभोवती आवळला, त्याच्या नाकासमोर धरला. "मोडली?"

"नाय मोडली."

"मग?"

तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला आवडत नाही. कबूल केल्यासारखं नसतं ते.

सगळं उचलून परत करायला लावणार होतो, पण तिसऱ्यावर लाद्या बसवणारे घुसलेत, शिडी ठेवायला जागा नाही. दसऱ्यानंतर मीच करीन. डॉक्टरांची खोली त्याच मजल्यावर आहे. रोज त्या शेवया त्यांच्या डोळ्यांसमोर. लाज वाटते.

रविवार, २८ सप्टेंबर

चाललं.

पट्ट्यांची झाकणं अजून लावलेली नाहीत, तारा आत नुसत्या सोडलेल्या आहेत, तरी म्हटलं एकदा बघू. एक्स-रेवाल्याने किशोरचा पंजा मशीनखाली ठेवला. आम्ही सगळे वर डॉक्टरांच्या खोलीत धावलो. पडद्यावर पंजा आला. हाडं, सांधे, करंगळीचं लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं हाड, सगळं. डॉक्टर नुसत्या बघत राहिल्या. किशोर मागून धापा टाकत आला. "दाजी, मी खाली हाय आन हात माज्या आधी वर पोचला."

नंतर एकेका मजल्यावर लावून पाहिलं. सगळीकडे आला. मधेच वीज गेली, तरी इन्व्हर्टरवर पंजा तसाच. डॉक्टर म्हणाल्या, "अनंतराव, पाडव्याला उद्घाटन. तुमचा सत्कार करायचाय."

घरी येऊन प्रेमाला सांगितलं. ती म्हणाली, "किशोरचा बी करतील ना?" मी म्हटलं, बघू.

बुधवार, १ ऑक्टोबर

झाकणं लावली. तळमजला, पहिला, दुसरा, तिन्ही माझ्या हाताने. सैल तार कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बसवायची, धार आली पाहिजे, मग झाकण, मग लाकडी हातोडीने टकटक. एकाही ठिकाणी फुगवटा नाही. अंबूबाई फरशी पुसत होती, थांबून बघत राहिली. तिलाही कळलं की ही कामं वेगळी.

उद्या मुरबाडला जायचंय, तिथली केबलची लाइन बंद पडलीय. हॉस्पिटलची चावी किशोरकडे दिली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मेलं आहे.

तळमजला मेला, पहिला मेला, दुसरा मेला. फक्त तिसरा चालू. परवापर्यंत चालत होतं आणि मी एक दिवस नव्हतो.

जे माझं ते सगळं बंद, आणि जे त्याचं तेवढं चालू. यात समजायला काय अवघड आहे?

अंबूबाईला विचारलं. ती म्हणाली, किशोरभाऊ काल संध्याकाळी आला होता, दुसऱ्या मजल्यावर शिडी लावून कोपऱ्यातलं झाकण काढत होता. खाली मोटरसायकलवर एक जण थांबला होता. मी विचारलं, कोण? "कल्यानचा वाटला, बूट घातलेला."

ज्या कंपनीचं काम माझ्यामुळे गेलं, ती कल्याणचीच.

शनिवार, ४ ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या दारातच विचारलं. डॉक्टर होत्या, एक्स-रेवाला होता, लादीवाले होते.

"परवा शिडी का लावली होतीस?"

"दाजी, परवा सकाळीच बंद पडलं. बघत होतो."

"मग मला फोन का नाही केलास?"

"मुरबाडला रेंज नव्हती तुमची. दाजी, ते कोपरे बघा एकदा. मी एक सैल केला तं…"

"कोपरे माझे आहेत."

"म्हनून तं म्हनतो."

"आणि खाली मोटरसायकलवर कोण होता?"

तो गडबडला. मग म्हणाला, मावसभाऊ होता, भातसानगरला कॉलनीत केबल बघायला माणूस पाहिजे, त्याचं सांगायला आलेला. तुमाला सांगनारच होतो. म्हणजे मला न सांगता नोकरी शोधणं चालू आहे हे त्याच्याच तोंडून निघालं. मी हात पुढे केला. त्याने चावी माझ्या हातात ठेवली नाही, शिडीच्या पायरीवर ठेवली आणि गेला. डॉक्टर खाली बघत होत्या.

घरी प्रेमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "किशोर? आमचा?" मी म्हटलं, हो, तुमचा. परत सूप उचललं, पण निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दसरा

किशोर आपट्याची पानं घेऊन आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. "दाजी, सोनं घ्या." मी पेपर वाचत होतो. खाली ठेवला नाही. प्रेमाने बाहेर जाऊन घेतलं.

जाताना तो मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "ताय, मी काय कापलं नाय गो."

चोर असा सणाचा येतो का, हा विचार मनात आला होता. लिहून ठेवतो. पण सणाला आला नसता तर लोकांनी बोट दाखवलं असतं, हेही त्याला कळतं. तेवढा हुशार तो आहेच.

सोमवार, १३ ऑक्टोबर

भातसानगरच्या कॉलनीतल्या एका साहेबांचा फोन. किशोर तुमच्याकडे होता ना, माणूस कसा आहे? कॉलनीतली घरं आहेत, बायामुलं एकटी असतात, घरात घेण्याजोगा आहे ना?

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, कामाला बरा आहे. चावी देऊ नका.

त्यांनी आभार मानले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तळमजल्याची, पहिल्याची आणि दुसऱ्याची तार नवी ओढली. जुनी सगळी फेकली, म्हणजे त्याने कुठे नख लावलं असेल तर प्रश्नच मिटला. जोडवाल्याकडून नवे जोड घेतले. तो काहीतरी पुटपुटत होता, मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. कोपरे या वेळी आणखी नेटके. झाकण लावेपर्यंत सगळं चालत होतं.

संध्याकाळी परत मेलं.

चावी माझ्याकडे आहे. मग आत कोण आलं?

डुप्लिकेट केली असणार. चौदा वर्षं माझ्या घरात जेवलेला माणूस.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मी दोन दिवस हॉस्पिटलातच बसून राहिलो. कुणी आलं नाही. तरी बंदच.

डॉक्टर म्हणाल्या, पाडव्यापर्यंत होणार का, नाहीतर मी कल्याणवाल्यांना फोन करते. रागाने नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाला भाकरी होती. प्रेमा वाढून आत निघून गेली. हल्ली ती माझ्यासोबत बसत नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

जोडवाल्याकडून लाल दिवा मागून आणला. पेनासारखा असतो, आत छोटे सेल. तारेच्या एका टोकाला लावला की लाल उजेड आत जातो आणि तार जिथे तुटलेली असेल तिथे बाहेर सांडतो. कापलेली जागा सापडली की फोटो काढून डॉक्टरांना दाखवायचा आणि विषय संपवायचा, हा माझा बेत होता.

दुपारी वीज गेलेली. दुसऱ्या मजल्याचा बोळ अंधारा. झाकणं काढली, खाली जाऊन दिवा लावला आणि वर आलो.

तार कुठेच कापलेली नव्हती.

पण दर कोपऱ्यात लाल ठिपका. पहिल्या कोपऱ्यात जोरदार, पुढच्यात कमी, त्याच्या पुढच्यात त्याहून कमी, शेवटच्या दोनमध्ये काहीच नाही. तोवर उजेड संपलेला. मी जिथे जिथे अंगठ्याने दाबून धार काढली होती, नेमका तिथे पिवळ्या वेष्टनातून उजेड बाहेर पडत होता. एक कोपरा मात्र काळा. झाकण काढताना त्यातली तार जरा सैल झाली होती. मी त्यावर अंगठा ठेवून दाबला. लाल झाला. अंगठा काढला. काळा झाला.

किती वेळ दाबत आणि सोडत होतो ठाऊक नाही.

अंबूबाई बादली घेऊन मागे उभी. म्हणाली, "कोन्याकोन्याला कुंकू लावल्यावानी दिसतंय."

मी झाकण उचललं.

"मंग किशोरभाऊनी काय कापलं?"

"तू फरशी पूस."

तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या शेवयांनाही दिवा लावून पाहिला. एकाही वळणावर ठिपका नाही. टोकाला मात्र लख्ख.

यात हाताची चूक नाही. जी तार काटकोनात वळत नाही, तिला तार म्हणणंच चूक आहे. माझी नजर बरोबर होती, माल वेगळा निघाला. पुस्तकातलं ते पान आज पुन्हा काढलं. वळण किती मोठं हवं त्याचा आकडा दिलेला आहे. शब्दकोशाची गरज पडली नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

तिन्ही मजले केले. दर कोपऱ्यावर डबा, आत तार गोल फिरवून सोडलेली. वळण एकसारखं यावं म्हणून घरातून पितळेची ताटली नेली होती. डब्याच्या फळीवर ताटली ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवरून तार बसवायची. सगळी वळणं तंतोतंत सारखी आहेत. किशोरची लहानमोठी होती.

चाललं. झाकणं लावून, ठोकून, दिवसभर ठेवून पाहिलं. चालतं.

संध्याकाळी भातसानगरच्या साहेबांना फोन लावला. दोनदा लावून ठेवून दिला, तिसऱ्यांदा त्यांनीच उचलला. "अनंतराव, बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलंत. कसाऱ्याचा एक मुलगा घेतला आम्ही."

मी म्हटलं, "हो का. तेवढंच विचारायचं होतं."

जागा गेलेलीच होती. आता सांगून त्याला मिळणार नव्हती.

शनिवार, २५ ऑक्टोबर

किशोर मुरबाडला एका कारखान्यात हेल्पर लागलाय असं प्रेमाने सांगितलं. मला नाही, शेजारणीला, लहानीला सांगत होती, मी घरात असताना.

उद्या जाऊन भेटावं असं ठरवलं. मग विचार केला, उद्घाटन होऊ दे. सगळं चालू असलं की बोलायला बरं पडेल. डॉक्टरांसमोरच सांगेन, चार लोकांत. चार लोकांत घेतलं ते चार लोकांत परत करावं, हाच न्याय.

बुधवार, २९ ऑक्टोबर. पाडवा

मांडव, खुर्च्या, झेंडूच्या माळा. खाली एक्स-रे काढला, वर दिसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीज अकराला गेली. कुणाला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर माइकवर म्हणाल्या, अख्ख्या इमारतीत तारेच्या वाटेत कुठेही विजेवर चालणारी वस्तू नाही, आणि हे आपल्या शहापूरच्या माणसाने स्वतःच्या बळावर शिकून केलेलं आहे. शाल दिली, नारळ दिला.

शाल खांद्यावर होती तेव्हाच बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. माइक हातात आला. मी म्हणालो, "काम करणाऱ्याने कामातच बोलावं." टाळ्या पडल्या आणि माइक पुढे गेला.

नंतर चहाला डॉक्टरांनी बाजूला घेतलं. "त्या किशोरने नेमकं काय केलं होतं हो? मला तो तसा वाटला नव्हता."

तिथे फक्त आम्ही दोघं होतो. चार लोकही नव्हते.

मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. घरातला माणूस आहे. मिटवलं मी."

"मोठं मन आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली. "आणि हे कोपऱ्यांतले डबे छान दिसतात. तिसऱ्या मजल्यासारखेच केलेत ना सगळीकडे?"

"हो. एकसारखं असलेलं बरं."

गुरुवार, ३० ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळीच प्रेमाने अंगण सारवून रांगोळी काढली, पाट मांडला. करंज्या, अनारसे, नवा शर्ट. शर्टाचं माप मला ओळखता येतं, लहानपणी करंगळी मोडलेल्या हाताची बाही ती जरा लांब घेते.

मुरबाडहून येणारी एसटी अकराला असते. मग दीडला. मग चारला. प्रत्येक वेळी ती ओटीपर्यंत जाऊन आली.

चारची एसटी गेल्यावर मला विचारलं, "तुमी गेल्ता का त्याच्याकडं?"

"नाही."

"अंबूबाई भेटली बाजारात. लाल दिव्याचं सांगत होती."

"तिला काय कळतं त्यातलं."

"मला बी काय कळत नाय. म्हनून तुमाला विचारते. त्यानी कापलं का नाय? येवडंच सांगा."

मी म्हणालो, तार वेगळ्या जातीची निघाली, त्यात तांत्रिक भाग असतो, एका शब्दात सांगण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "ताटली कुठं हाय? पितळंची. आयने दिल्याली."

ताटली माझ्या अवजारांच्या पिशवीत होती. काढून दिली. तिने चिंच लावून घासली नाही, नुसती पदराने पुसली. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू. मला वाटलं, मलाच पाटावर बसवते की काय, आणि मी शर्टाची बटणं लावली.

दिवस मावळला. ती अंगणात गेली. पश्चिमेला डोंगरावर बीजेची कोर होती, नखाएवढी. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया या दिवशी चंद्राला ओवाळतात. आमच्या आळीत सावळी म्हातारी तेवढी ओवाळते, तिचा भाऊ लहानपणीच गेला.

प्रेमाने पाट ओलांडला, रांगोळीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि ताटली वर धरली. सावळी म्हातारी तिच्या दारातून बघत होती. मग लहानी बघायला आली. मग आणखी कोणी. प्रेमाने घाई केली नाही. तीनदा ओवाळलं, आकाशाकडे अक्षता टाकल्या, आणि ताटली व तो नवा शर्ट पाटावर ठेवून आत गेली.

मी ताटली उचलायला गेलो. कडेला सगळीकडे माझ्या पेन्सिलीची काळी रेघ अजून होती.